एकमताने मंजूर

"ज्यांना तहान लागली असेल त्यांनी पाणी पिऊन यावं," वकीलसाहेब म्हणाले, आणि मी उठले.

मला खरंच तहान लागली होती. एप्रिलचा महिना, शाळेतून घरी न जाता तशीच आलेली, दिवसभर ओरडून भूगोल शिकवलेला, आणि वाचनालयाच्या सभागृहातला पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होता. अध्यक्ष माणूस किती समजूतदार, असं मनात म्हणत मी व्हरांड्यात आले. पाण्याच्या कूलरपाशी कापडवाले कांतीशेठ माझ्या आधीच येऊन उभे होते. हातात पेला होता, पण त्यात पाणी नव्हतं.

"तुमचापण?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझापण काय?"

"विरोध हो."

"कशाला?"

"लोखंडी कपाटांना."

मी काही बोलणार एवढ्यात आतून कार्यवाह सबनीसांचा आवाज आला, "ग्रंथ विभागासाठी लोखंडी कपाटे घेण्याचा ठराव एकमताने मंजूर." कांतीशेठनी पेला जागेवर ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि शांतपणे आत निघाले. मी त्यांच्यामागे तोंड पुसत गेले. लोखंडी कपाटं घ्या म्हणून सभेत सर्वांत जास्त घसा कोरडा केला होता तो मी.

"सबनीस, माझा विरोध नव्हता," मी म्हणाले. "मी पाणी प्यायला गेले होते."

"तेच तर," सबनीस म्हणाले.

"अहो, खरंच पाणी प्यायला गेले होते."

सगळे हसले. वकीलसाहेबसुद्धा हसले. मग त्यांनी मला कासारवेढे सार्वजनिक वाचनालयाची पद्धत समजावून सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज देवाचं माहात्म्य सांगावं तसा झाला. या वाचनालयात स्थापनेपासून कधी मतदान म्हणून झालेलं नाही. ज्याला ठराव पटत नाही तो वाद घालत बसत नाही. अध्यक्ष तहानेचं विचारतात, तो उठून बाहेर जातो, आत उरलेल्यांचं एकमत असतंच. पाणी पिऊन तो परत येतो, आणि चहाला सगळे एकत्र. "गावातल्या पतपेढीत खुर्च्या उडतात, देवस्थानात कोर्टकचेऱ्या चालल्यात," ते म्हणाले. "आपल्याकडे आजवर कुणाचा आवाज चढला नाही. ही आमच्या दादासाहेबांची देणगी."

दादासाहेब रायरीकर म्हणजे वकीलसाहेबांचे वडील. त्यांचा मोठा फोटो अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर वर होता, त्यामुळे वकीलसाहेबांकडे बघून बोललं की दोघांशी बोलल्यासारखं वाटायचं.

मी त्या कार्यकारिणीत महिला प्रतिनिधी म्हणून नवीन होते. महिलांचं प्रतिनिधित्व म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाचनालयाची सतरंजी मिळवून देणं, अशी सर्वांची समजूत होती. त्या वर्षी हिवाळ्यात वाचनालयाला शंभर वर्षं पुरी होणार होती. शताब्दीची स्मरणिका काढायची, आणि तिच्यात वाचनालयाचा इतिहास हवा, असं त्याच सभेत ठरलं.

"बाई, इतिहास तुम्ही लिहा," वकीलसाहेब म्हणाले.

"मी भूगोल शिकवते."

"जवळचंच आहे ते."

मी दाराकडे पाहिलं. पण बाहेर गेले असते तरी काम माझ्याच गळ्यात पडलं असतं, एकमतानं. म्हणून बसून राहिले.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले, गाव सोडून लेकीकडे राहायला आले. पण अजूनही कुठल्या सभेत 'सर्वानुमते' हा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाची शीर उडते. घरातल्यांना वाटतं रक्तदाब.

त्या उन्हाळ्यात मी गावभर हिंडले. वाचनालयाचा इतिहास म्हणजे वाचणाऱ्यांचा इतिहास, अशी माझी भाबडी कल्पना. जो तो मला सांगायचा तो अध्यक्षांचा इतिहास. पहिली खुर्ची कुणी दिली, इमारतीची कोनशिला कुणाच्या हस्ते, कुणाच्या पगडीला कसा तुरा होता. मधूनच काही चांगलं हाती लागे. वाचनालयाचं मूळ नाव नेटिव्ह जनरल लायब्ररी, आणि ते धर्मशाळेच्या माडीवर सुरू झालं. प्लेगच्या साली गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा पुस्तकंही बैलगाडीत घालून नेली, आणि परत आणली तेव्हा निम्मी उंदरांनी वाचलेली होती. एक ग्रंथपाल असा होता की लग्न न झालेल्या पोराला कादंबरी देत नसे, आणि लग्न झालेल्याला 'आता कशाला हवी?' म्हणून विचारी. हे मी आवडीनं टिपून घेतलं. पण पाणी प्यायला जाण्याची पद्धत नेमकी कधी आणि का सुरू झाली, हे विचारलं की सगळे दादासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवत. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

"गायसमुद्रे गुरुजींना विचारा," शेवटी सबनीसच म्हणाले. "हयात सभासदांत तेच सर्वांत जुने. पण जपून. माणूस तिरसट आहे."

निवृत्ती गायसमुद्रे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, ताठ. मी त्यांना वाचनालयात पाहिलं होतं. सकाळी यायचे, पुस्तक बदलायचे आणि निघायचे. वाचन कक्षात बसलेले कधी दिसले नाहीत. शिक्षक कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेले तर ते अंगणात खुर्ची टाकून वाचत बसले होते. मी काय लिहितेय ते सांगितलं. त्यांनी माझी वही मागून घेतली, चष्मा पुढे ओढून वाचली आणि परत दिली.

"इतिहास लिहिताय का स्तोत्र?"

मला राग आला. पण खरं बोलणाऱ्याचा राग फार वेळ टिकत नाही.

"पाणी प्यायला जायची पद्धत कुणी सुरू केली, गुरुजी?"

"कुणी सुरू केली ते सगळ्यांना ठाऊक आहे की. कुणासाठी सुरू केली ते विचारा."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मग त्यांनी सांगितलं. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्यावर त्यांनी वाचनालयाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. महारवाड्यातून आलेला पहिला अर्ज. समितीत दादासाहेब रायरीकर सुधारक विचारांचे, त्यांच्या मनात अर्ज मंजूर करायचा होता. निम्म्या लोकांना तो नको होता. पण दादासाहेबही वकील, आणि त्यातल्या बहुतेकांचे जमिनीचे दावे त्यांच्याकडे चालू. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती, आणि हो म्हणून घरी जायचीही नव्हती.

"सभा चालली होती तेव्हा मी व्हरांड्यात उभा," गुरुजी म्हणाले. "असाच उन्हाळा. दोन मैल चालत आलेलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. दादासाहेब म्हणले, ज्यांना तहान लागली असेल त्यांनी पाणी पिऊन यावं. आणि एकेक जण बाहेर आला. तेव्हा कूलर नव्हता, माठ होता. माठाभोवती उभे राहून पाणी प्याले सगळे. एकानं तर चूळ भरली. दुसऱ्यानं मला विचारलं, काय रे, कुणाचा तू? मी म्हणलं, अर्ज माझाच आहे. असं होय, म्हणला, आणि आणखी एक पेला प्याला."

"आणि आत?"

"आत एकमतानं मंजूर."

मी वहीत भराभर उतरवत होते. मनात म्हटलं, तांबटबाई, सापडलं. एका गावाच्या एका वाचनालयानं त्या काळात केवढं पाऊल उचललं, आणि कसं युक्तीनं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"एवढ्यात पेन बंद करू नका," गुरुजी म्हणाले. "दादासाहेब स्वतः बाहेर आले. माझ्या हातात पुस्तक दिलं. हातात बरं का, वरून टाकलं नाही. म्हणले, आजपासून तू सभासद. मी पाया पडलो. आणि म्हणलं, साहेब, पाणी मिळेल का? माठ तिथंच होता. त्यांनी माठाकडं बघितलं, मग त्या माठाभोवतीच्या लोकांकडं बघितलं. म्हणले, आजच्याला एवढं पुष्कळ झालं. सगळं एकदम मागू नये."

मी वहीचं पान उलटलं.

"मग?"

"मग काय. दोन मैल चालत घरी गेलो आणि प्यालो." त्यांनी पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं, ते काढून घेतलं. "मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही, बाई. त्या पुस्तकावर मी पुढं शिकलो, मास्तर झालो. पण लिहायचं तर दोन्ही लिहा. पुस्तक दिलं ते लिहा आणि पाणी दिलं नाही ते लिहा. एकच छापायचं असेल तर माझं नाव काढून टाका."

मी शब्द दिला. दोन्ही लिहिलं. कुठे विशेषणं घातली नाहीत, शेवटी तात्पर्यही सांगितलं नाही. लिहून झाल्यावर वाटलं, आयुष्यात एक धड काम केलं.

लेख सभेपुढे आला तेव्हा मे महिना सुरू झाला होता. सबनीसांनी तो सगळा मोठ्यानं वाचला. प्लेगच्या उंदरांना लोक हसले. अर्ज मंजूर झाला तिथं कांतीशेठनी चक्क टाळ्या वाजवल्या. पाण्याचा प्रसंग आला तसे त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"उत्तम," वकीलसाहेब म्हणाले. "पहिला भाग तर फारच उत्तम. इतर गावांनी आदर्श घ्यावा असा. फक्त शेवटचा परिच्छेद तेवढा लांबलाय."

"शेवटचा परिच्छेद चार ओळींचा आहे."

"तेच. काढला तरी फरक पडणार नाही."

"गुरुजींनी अट घातलीय. दोन्ही, नाहीतर नाव नको."

"अहो, पण पुरावा काय? दादासाहेब नाहीत, तो माठ नाही. म्हाताऱ्या माणसाची आठवण. बरं, खरं मानलं तरी कशाला? शताब्दीच्या शुभकार्यात ते कशाला उकरायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही. "शेवटचा परिच्छेद वगळून लेख छापावा, असं मी सुचवतो. ज्यांना तहान लागली असेल त्यांनी पाणी पिऊन यावं."

कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी पदर सावरून बसले होते तशीच बसले.

"बाई," सबनीस हळूच म्हणाले.

"मला तहान नाही."

"उन्हाळा आहे हो."

"मी येतानाच घरी पाणी पिऊन आलेय."

आता पंचाईत झाली. माणूस आत बसून नाही म्हणाला तर काय करायचं, हे त्या वाचनालयात कुणालाच माहीत नव्हतं. कांतीशेठनी सुचवलं की बाईंना पाणी इथंच आणून द्यावं. एकानं खरोखरच पेला भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मी त्याला हात लावला नाही. पेल्याभोवती पाणी सुटलं, टेबलावर गोल उठला, आणि आम्ही सगळे त्या गोलाकडे बघत बसलो. मला हसूही येत होतं आणि डोळ्यात पाणीही येत होतं, आणि त्या माणसांपुढे मला दोन्ही करायचं नव्हतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय, लेख आहे तसा छापावा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"आहे तसा."

"मग आम्हालाच तहान लागली असं समजा," ते म्हणाले आणि खुर्ची मागे सारून बाहेर गेले.

मला धडा शिकवण्यासाठी ते गेले होते. मी वरमेन आणि मागे जाऊन माफी मागेन, असा त्यांचा हिशेब असावा. पण अध्यक्ष उठल्यावर आत बसायचं कुणी? कांतीशेठ उठले. त्यांच्यामागे एकेक करत सगळी समिती व्हरांड्यात गेली. आत मी, आणि ठराव लिहायचा म्हणून सबनीस.

सबनीस पद्धतीचे पक्के. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं.

"लेख आहे तसा छापावा," ते दाराकडे तोंड करून वाचू लागले, "असा ठराव एकमताने मंजूर."

व्हरांड्यात कुणीतरी ठसकलं. पण आत येऊन हरकत घ्यायची तर 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि ते तर कुणाच्याच तोंडवळणी पडलेलं नव्हतं. वकीलसाहेब परत येऊन बसले. थोडा वेळ नखं बघत राहिले. मग म्हणाले, "पद्धत म्हणजे पद्धत." आणि चहा घेता घेता त्यांनी पुढचंही ठरवून टाकलं. लेख पूर्ण छापायचा, आणि शताब्दीच्या दिवशी गायसमुद्रे गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते बरं दिसेल. माझ्या हातून खेचून घेतलेली दोरी त्यांनी अशी सहज आपल्या हाताला गुंडाळली.

तरी मी जिंकले होते. संध्याकाळीच गुरुजींकडे गेले. चालत नाही, जवळजवळ पळत.

"मंजूर झालं, गुरुजी. सगळं. पाण्यासकट."

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायच्या आधी त्यांनी विचारलं, "विरोध कुणी केला?"

"कुणी नाही. एकमतानं."

"आत किती जण होते?"

मी सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज खाली आला.

"म्हणजे परत बाहेर गेले," गुरुजी म्हणाले.

"पण ठराव तर आपल्या बाजूनं झाला."

"तेव्हापण माझ्याच बाजूनं झाला होता." ते खुर्चीतून उठले, अंगणात फेऱ्या मारायला लागले. "बाई, मला अजून एकानंही सांगितलेलं नाही की तू नको होतास. कागदावर बघाल तर सगळं गाव माझ्या बाजूचं. त्या माठापाशी ज्यानं दोन पेले पाणी प्यालं, त्याच्या पोरीला मी चौथीत शिकवलं. तो बाजारात भेटला की आधी नमस्कार करायचा. भांडू कुणाशी? मनात म्हणायचो, एकदा म्हण बाबा, एकदा तोंडानं म्हण, की तुझा अर्ज मला मान्य नव्हता. मग मी तुला सांगतो."

"काय सांगितलं असतं?"

"त्या दिवशी पाठ करून गेलो होतो मी. चांगलं पंधरा दिवस. वाटलं, सभेत बोलावतील, विचारतील, तुला पुस्तकं कशाला पाहिजेत? त्याचं उत्तर तयार केलं होतं. आत बोलावलंच नाही कुणी. विरोधच नाही म्हणल्यावर उत्तर कुणाला देणार?"

तेव्हा कुठे मला कळलं की त्या चार ओळी छापून येण्यात गुरुजींचा जीव नव्हताच. मी महिनाभर चुकीच्या दारावर धडका मारत होते.

"पुढच्या सभेला मी येतो," ते म्हणाले. "जुना सभासद आहे, मला अधिकार आहे. तुम्ही फक्त मला आत बसायला खुर्ची ठेवा."

ते आले. धुवून इस्त्री केलेला सदरा, पायात नव्या चपला. चपला त्यांनी पायरीवर काढून नीट जोडून ठेवल्या. वकीलसाहेबांनी उठून स्वागत केलं, त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. कांतीशेठनी स्वतः पंख्याचा वेग वाढवला. इतकं गोड वागलेले ते लोक मी त्याआधी पाहिले नव्हते.

"माझं थोडक्यात आहे," गुरुजी म्हणाले. "मागच्या सभेत बाईंचा लेख छापायचं ठरलं. तेव्हा आपण सगळे बाहेर गेला होतात. म्हणजे आपला विरोध होता. तो आज समोर बसून सांगावा, एवढंच म्हणायला आलोय."

"छे, छे," वकीलसाहेब म्हणाले. "विरोध कसला? ठराव एकमतानं झालाय."

"मग बाहेर का गेलात?"

"तहान लागली होती हो," कांतीशेठ म्हणाले. "ऊन काय म्हणतंय."

गुरुजींनी एकेकाकडे वळून विचारलं. तुमचा विरोध आहे? नाही, गुरुजी. तुमचा? नाही नाही, उलट अभिमान आहे. वर्गात हजेरी घेतल्यासारखं ते विचारत गेले आणि ते सगळे शहाण्या मुलांसारखे नाही म्हणत गेले. मला कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालावासा वाटत होता. एकानं, एकानं तरी म्हणावं, हो, होता विरोध. त्या परिच्छेदाला, त्या अर्जाला, कशालाही.

"वकीलसाहेब," मी मध्येच बोलले, "तो परिच्छेद काढा म्हणून तुम्ही म्हणालात. तुम्हीच."

"सूचना होती ती, बाई. विरोध नव्हे."

"गुरुजींना काही बोलायचंय. त्यांना उत्तर द्यायचंय. तुम्ही तुमचं म्हणणं एकदा त्यांच्यासमोर मांडा, म्हणजे ते बोलतील."

"अहो, मग बोला की, गुरुजी," वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झालेला दिसला. "संकोच कसला? असं करू, सत्काराच्या दिवशीच तुमचं भाषण ठेवू. पाहुण्यांच्या आधी. दहा मिनिटं पुरतील ना?"

"भाषण नाही ते," गुरुजी म्हणाले.

"मनोगत म्हणू."

गुरुजींनी खुर्ची सबनीसांकडे वळवली.

"मग माझा विरोध लिहा," ते शेवटी म्हणाले. "सत्काराला, लेखाला, सगळ्याला. निवृत्ती गायसमुद्रे यांचा विरोध. सबनीस, लिहा."

सबनीसांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते हललं नाही. "तसं लिहायची पद्धत नाही, गुरुजी," ते अगदी कळवळून म्हणाले.

"आणि स्वतःच्या सत्काराला विरोध कसा करता येईल?" वकीलसाहेब म्हणाले. "तुमचा मोठेपणा आम्ही समजतो."

गुरुजी उठले. कुणाकडे न बघता, भिंतीला हात लावत ते बाहेर गेले. मागून सबनीसांचा आवाज आला. सत्काराचा ठराव एकमताने मंजूर.

मीही उठले आणि बाहेर धावले. ते पायरीवर चपला शोधत उभे होते.

"गुरुजी, मला सांगा," मी म्हणाले. "तुम्ही पाठ केलेलं. मी ऐकते. शब्दन् शब्द लिहून घेते, छापते. मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. फळ्यावर उदाहरण तीनदा सोडवून दाखवूनही ज्याला कळलेलं नाही अशा पोराकडे मास्तर बघतो तसं.

"तुमचा विरोध आहे का?"

"माझा? नाही."

"मग तुम्हाला कशाला सांगू?" ते म्हणाले.

लेख छापून आला, पाण्यासकट. बाहेरगावच्या पाहुण्यांनी वाचनालयाच्या मोकळेपणाची तारीफ केली. सत्काराला गुरुजी आले नाहीत, प्रकृतीच्या कारणास्तव, असं सबनीसांनी माईकवर सांगितलं. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. शोकसभेत वकीलसाहेब फार सुंदर बोलले, आणि दुखवट्याच्या ठरावाच्या वेळी कुणीही बाहेर गेलं नाही.